खाटगाडीची तिसरी फेरी

मी तापट माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. कारण पुढच्या गोष्टीत मी कोणाला काय काय बोललो ते येणारच, अन् ते लपवून ही गोष्ट सांगता येत नाय. माझं नाव महिपत. मुरबाडच्या एमआयडीसीत एका छोट्या कारखान्यात बावीस वर्षं फिटर आहे. राहायला मात्र वर डोंगरात, उंबरपाड्याला. जीप डांबरी रस्त्यावर सोडते, तिथून तासभर चढ. गाडीरस्ता नाय. आजारी माणूस खाली न्यायचा म्हणजे बांबूला चादरीची झोळी बांधायची, चौघांनी खांदा द्यायचा अन् वाटेत देवाचं नाव घेत राहायचं.

आमच्या कारखान्यात आधी पंपाचे सुटे भाग व्हायचे. दोन वर्षांपूर्वी मालक गोजरसाहेबांनी मनावर घेतलं, की डोंगरातल्या पाड्यांसाठी बॅटरीवर चालणारं स्ट्रेचर बनवायचं. मधे एक मोठं चाक, त्यातच मोटर, बाजूला आधाराची दोन छोटी चाकं, पुढं एक माणूस अन् मागं एक. चौघांचं काम दोघांत. कागदावर तिचं नाव लांबलचक इंग्रजी होतं. आमी तिला खाटगाडी म्हणायचो.

आता ज्याच्या पाड्याला झोळीशिवाय दुसरी वाट नाय, त्याच्याच हाती त्या गाडीचे ब्रेक बसवायचं काम आलं तर त्याला काय वाटेल, सांगा. मी तर पाड्यावर सगळ्यांना सांगून मोकळा झालो. गणपतीला गाडी येते, म्हटलं.

त्याच जूनमध्ये मनस्वीचा फोन आला. मनस्वी माझी एकुलती मुलगी, कसाऱ्याला दिलीय. जावई शाम रेल्वेत रुळांच्या कामावर आहे. ती आईशी काहीतरी कुजबुजली अन् तिच्या आईनं मला सांगितलं, जानेवारीच्या शेवटाची तारीख आहे. मी पाड्यावर पेढे वाटले अन् त्याच दमात जाहीर केलं, पहिलं बाळंतपण माहेरी, आमच्यात रीत आहे, घरीच होणार. शाम बिचारा म्हणाला, "मामा, आमच्या इथनं दवाखाना जवळ पडतो."

"खाटगाडी येतेय ना," मी म्हटलं. "तुमच्या रिक्षाच्या आधी पोचवीन."

माझी बायको अनिता काहीच बोलली नाय. ती गप्प बसली की तिला पटलेलं नाय हे पंचवीस वर्षांत मला कळायला हवं होतं.

गणपती आले अन् गेले. गाडी आली नाय.

झालं काय, की कारखान्याच्या आवारात गाडी झकास पळायची, डोंगराला लावली की अर्ध्या चढात बॅटरी संपायची. मग मोठी बॅटरी घातली. ती जड, म्हणून ओहोळातल्या धोंड्यांवरून दोघांना गाडी उचलेना. मग सांगाडा हलका केला, तर हलक्या सांगाड्याला जोडाच्या जागी चीर पडली. तेवढ्यात मोटर चालवणारी जी छोटी सर्किटची पाटी परदेशातून यायची, ती दीड महिना अडकली. आली तेव्हा कळलं, तिची भोकं जुन्या डबीला बसत नाय. डबी बदलली, तर नव्या डबीत पाणी शिरलं. आमच्याकडं घराचा एक वासा बदलायला काढला तर वरची कौलं उतरवावी लागतात, कौलं उतरली की खालच्या लाकडी रिपा कुजलेल्या दिसतात, अन् एका वाशापायी घरातली माणसं महिनाभर पडवीत झोपतात. हे तसंच चाललेलं. पण हे शहाणपण आजचं आहे. तेव्हा मी नुसता कॅलेंडरकडं बघून जळत होतो.

गाडीची इंजिनीअर कुणाली. सत्तावीस वर्षांची पोर, बदलापूरहून रोज येते, मला महिपतकाका म्हणते. त्या पोरीला मी नाय नाय ते बोललो. दसऱ्याला म्हटलं, "ताई, तुमची गाडी म्हणजे बोलाचीच कढी अन् बोलाचाच भात." दिवाळीला म्हटलं, "तुमी वरातीमागून घोडं आणणार, लिहून घ्या." ती खरंच वहीत काहीतरी लिहीत असायची, पण माझं बोलणं नव्हे.

"काका, शेवटचं दहा टक्के काम राहिलंय," ती म्हणाली.

"दसऱ्यालाही दहाच टक्के होतं."

"हो. ते दहा टक्के उघडलं तर आत नवीनच काम निघालं."

मी पाना आपटला अन् बाहेर जाऊन तंबाखू मळत बसलो.

डिसेंबरात एकदाची गाडी आमच्या पाड्यावर चाचणीला आली. मनस्वी आठव्यात होती, ओटीभरणाला आलेली, शामही रजा टाकून बरोबर आला होता. मी ठरवलंच होतं, माझ्या मुलीनं आजच गाडीत बसायचं, सवय झालेली बरी. कुणालीचा नियम वेगळा होता. आधी भाताचं पोतं गाडीवर बांधून उतरणीच्या तीन फेऱ्या. तिन्हीत एकही खोट निघाली नाय तरच माणूस.

उतरणीवर गाडीचा सगळा जीव एका दोरीत होता. मागच्या माणसाच्या मनगटाला ती बांधायची. तिच्या दुसऱ्या टोकाला चुंबकाचं बटण, ते गाडीच्या डोक्याकडच्या, उशीला लागून असलेल्या दांडीत एका खाचेवर चिकटलेलं; तिथं चुंबक आहे का एवढंच गाडी ओळखायची. माणूस घसरला की दोरी ताणायची, बटण सुटायचं अन् ब्रेक आपोआप लागायचा. हा ब्रेक माझ्या हातचा. त्याच्याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

सकाळी दोन फेऱ्या पोत्यानं झाल्या, लोण्यासारख्या. मग पट्ट्यांचं माप घ्यायला कुणालीनं मनस्वीला जरा वेळ गाडीवर आडवं व्हायला सांगितलं. ती आडवी झाली तशी आमच्या पाड्याची सुईण गुणाबाई पुढं सरसावली. पोटुशी बाई पाठ टेकते म्हटल्यावर उशाशी लोखंड पाहिजेच, नायतर बाधा होते, हे आमच्यात शेंबड्या पोरालाही माहीत. गुणाबाईनं कमरेचा कोयता काढला अन् उशीखालच्या कप्प्यात सरकवून दिला. कोणी तिकडं नीट बघितलंही नाय. जेवायला बसताना ताटाभोवती पाणी फिरवतात ते कोण बघतं?

माप झालं. "चला, उतरवा खाली तिला," कुणाली म्हणाली. "तिसरी फेरी पोत्यानं."

"आता कशाला उतरवायची? आडवी झालीच आहे तर जाऊ द्या की."

"नाही काका."

मग मी जो सुटलो तो सुटलोच. दोन फेऱ्या झाल्या, तिसऱ्यात काय वेगळं दिसणार आहे, सहा महिने आमाला झुलवलं, नियम कागदावर ठेवा, इथं बाईमाणसाचा जीव टांगणीला लागलाय. तेवढ्यात गोजरसाहेबांचा फोन आला. त्यांनी पुढच्या आठवड्यात गाडीच्या उद्घाटनाचा कार्यक्रम ठरवलेला, पाहुणे बोलावलेले, मंडप सांगितलेला. तेही तिला तेच म्हणत होते, आटप लवकर. पोरीचा चेहरा उतरला, पण ती हलली नाय. फोन ठेवून माझ्याकडं वळली.

"काका, तुमची मुलगी आहे म्हणून तर नाही म्हणतेय."

गुणाबाई मला म्हणाली, "उतावला नवरा न् गुडघ्याला बाशिंग. बाप हायस का जीपवाला?" सगळे हसले. या सगळ्यात अर्धा तास गेला. मनस्वी स्वतःच खाली उतरली, म्हणाली, "बाबा, पुरे ना." मी रागारागानं पोतं उचलून गाडीवर आदळलं, पट्टे आवळले. कोयता कप्प्यातच राहिला.

पुढं माझा शेजारी पंढरी, मागं मी, मनगटाला दोरी. ओहोळाच्या आधी एक तीव्र उतार आहे, सुट्या मुरुमाचा. रागात चालणाऱ्या माणसाचा पाय जमिनीवर नसतो. माझा घसरला अन् मी पाठीवर आपटलो. दोरी ताणली, बटण सुटून माझ्या छातीवर आलं, मी डोळ्यांनी बघितलं. मला वाटलं, आता गाडी थांबेल.

गाडी थांबली नाय. पंढरीनं बाजूला उडी मारली म्हणून वाचला. गाडी त्याच्या अंगाला वारा घालत गेली, वळणावर वळलीच नाय, सरळ ओहोळात पडली. दहा-बारा हात खोल. पोतं फुटलं. धोंड्यांवर सगळीकडं भात पसरला.

मी तिथंच बसून राहिलो. वर बघितलं तर उंबराखाली मनस्वी उभी, दोन्ही हात पोटावर. त्या पोत्याच्या जागी कोण असतं हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. मी सगळ्यांसमोर ढसाढसा रडलो. कुणाली शेजारी येऊन बसली. तिनं 'मी सांगितलं होतं' म्हटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

कार्यक्रम रद्द झाला. गोजरसाहेब म्हणाले, "महिपतनं दोरी बांधलीच नसेल." कुणाली म्हणाली, "बांधली होती, मी बघितलंय." गाडी खाली आणून तिनं चाळीस वेळा बटण ओढलं. चाळीस वेळा ब्रेक लागला. साहेब म्हणाले, मग झालं तर, एखादा खडा अडकला असेल, रंग मारा अन् द्या बाहेर. ती म्हणाली, "कारण कळल्याशिवाय नाही." अन् या वेळी तिच्या बाजूला मी उभा होतो. ब्रेक माझा होता अन् तो का लागला नाय हे मला ठाऊक नव्हतं.

पाचव्या दिवशी सकाळीच गुणाबाई आमच्या पडवीत भांडायला आली. शामनं ओहोळातनं तिचा कोयता शोधून दिलेला, तो तिच्या हातात.

"महिपत रे, माज्या कोयत्याला काय केलात तुमी? गोधडी शिवाया बसले तं सगल्या सुया याला जाऊन चिकटतान. कसली बाधा आणलीत त्या गाडीतनं?"

मी कोयता घेतला. खिशातला खिळा जवळ नेला. टपकन चिकटला. मी कोयत्याकडं बघतोय अन् गुणाबाई माझ्याकडं.

"गुणाबाय," मी म्हटलं, "हा कोयता गाडीत होता?"

"मंग? उशाला मीच तं ठेवला होता. तू वरडत होतास, तुला कुठला दिसतोय."

कोयता फडक्यात गुंडाळून मी धावतच उतरलो अन् जीप पकडली. शेजारच्या बाईनं फडक्यातनं बाहेर आलेली मूठ बघून पाय आखडून घेतले. कारखान्यात कुणालीनं तो उशीखालच्या कप्प्यात ठेवला अन् बटण ओढलं. ब्रेक लागला नाय. परत ओढलं, नाय. दहापैकी दहा वेळा नाय. चुंबकाला टेकून अर्धा तास पडला तेवढ्यात कोयताच चुंबक झालेला, अन् बटण निघून गेलं तरी गाडीला वाटत होतं बटण जागेवर आहे. म्हणजे आमचं भांडण चाललं होतं तो अर्धा तास. कुणाली फरशीवर बसली, आधी हसली, मग डोळे पुसले. "सापडलं, काका," म्हणाली. मला तर तिच्या पाया पडावंसं वाटलं.

गोजरसाहेबांना सोपा उपाय सुचला. गाडीबरोबरच्या पुस्तकात एक ओळ छापायची, लोखंडी वस्तू ठेवू नये.

"साहेब, गुणाबायला वाचता येत नाय," मी म्हटलं. "अन् येत असतं तरी तिनं ठेवलाच असता. मीपण ठेवला असता. लोकांच्या उशाचा कोयता तुमची ओळ वाचून हलायचा नाय. तुमी चुंबक हलवा."

साहेबांनी डोकं धरलं, पण माणूस वाईट नाय, मान्य केलं. चुंबकाच्या जागी लोखंडी खिट्टी आली, दोरीनं ओढली की निघणारी. खिट्टीसाठी दांडी बदलली, दांडीसाठी जोड बदलले, जोडांसाठी सगळ्या तपासण्या पहिल्यापासून. कुणालीनं पुढची तारीख सांगितलीच नाय अन् मी विचारलीही नाय.

राहिली मनस्वी. कोयत्याचं कोडं सुटलं त्या संध्याकाळी घरी जाऊन मी खाली मान घालून अनिताला म्हटलं, "पोरीला वर ठेवायचं नाय. मुरबाडला दवाखान्याजवळ एखादी खोली बघू. तू राहा तिच्याजवळ. पाड्यावरच्या बाया बोलल्या तर बोलू देत."

"खोली बघून ठेवलीय," ती भाकरी थापता थापता म्हणाली. "माझ्या मावसबहिणीची, संजीवनीची. दसऱ्यालाच."

"दसऱ्याला? मग मला सांगायचं नाय?"

"तुमी ऐकायच्या जागेवर होतात कधी?"

पंचवीस वर्षांत पहिल्यांदा बायकोनं मला खोटं पाडलं अन् मला त्याचं सुख वाटलं.

तेवीस जानेवारीला दुपारी चारच्या सुमाराला मनस्वीला कळा सुरू झाल्या. रिक्षानं आठ मिनिटांत दवाखाना. तासाभरानं डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, म्हणाल्या, बाळाच्या गळ्याला नाळेचा वेढा आहे, ठोके कमी होतायत, लगेच ऑपरेशन करावं लागेल. शामनं सही केली. मी बाकावर बसून उंबरपाड्यापासनं खालची वाट मनात चालत होतो. इतक्या वेळात झोळी घेऊन आमी ओहोळ तरी ओलांडला असता का, तर नसता. मग आतनं रडण्याचा आवाज आला, चांगला खणखणीत. मुलगी झाली. मनस्वी बरी होती. मी भिंतीला टेकलो अन् किती तरी महिन्यांनी पोटभर श्वास घेतला. शामनं पाण्याची बाटली पुढं केली, म्हणाला, "मामा, बसा. झालं आता सगळं नीट."

दुसऱ्या दिवशी त्याच बाकावर गोजरसाहेबांचा फोन. आधी अभिनंदन केलं, मग मुद्द्यावर आले. सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर गाडी बाहेर काढायची, पाहुण्यांनी होकार दिलाय. नव्या खिट्टीची एक फेरी झालीय, चांगली झालीय. फिटरची सही तेवढी राहिलीय.

"तीन फेऱ्या झाल्या की करतो," मी म्हटलं.

"अहो महिपत, डिसेंबरात तुमीच घाई करत होतात ना?"

"करत होतो साहेब. तेव्हा गाडीवर माझी पोर आडवी व्हायची होती तरी मला अक्कल आली नाय. आता दुसऱ्या कोणाची होणार आहे. पाहुण्यांना पुढची तारीख द्या."

मग साहेब एवढंच म्हणाले, "कुणालीपण हेच म्हणाली." फोन ठेवला तेव्हा नोकरी जाते की काय असं वाटलं. गेली नाय.

गाडी बाहेर पडली पाडव्यानंतर, ठरल्यापेक्षा सात महिने उशिरा, अन् पहिली आमच्याच पाड्याला मिळाली. पाहुणे आले की नाय ते मला आठवत नाय. आठवतं ते पुढच्या पंधरवड्यातलं. आमच्याही वरच्या वाडीतली रुपा अडली. तिची सासू मंगळी हाका मारत आली. मी अन् पंढरीनं गाडी काढली, गुणाबाईनं उशाला ठेवायचं ते ठेवलं, अन् पाऊण तासात आमी डांबरी रस्त्याला लागलो. तिथं ॲम्ब्युलन्स उभी होती.

रुपाला आत घेत होते तेव्हा मंगळी माझ्याकडं वळली. मला वाटलं, दोन शब्द बरे बोलेल.

"येवढी चांगली गाडी होती तं आधी का नाय आणलीस रे? माजी थोरली सून गेल्या भादव्यात झोलीतनं नेली. दोनदा पडली ती वाटंत. पोर गेलं तिचं. तवा कुठं होतात तुमी, झोपले होतात?"

पंढरी मधे पडायला लागला, मी त्याला हातानं थांबवलं. हेच, याच शब्दांत, मी कुणालीला किती वेळा बोललो होतो. भादव्यात गाडी सांगाड्याच्या चिरेपाशी अडकलेली होती, चुंबक तेव्हाही तिथंच होतं. पण हे त्या बाईला काय म्हणून सांगू? तिचं नातवंड तर गेलंच होतं.

"उशीर झाला, मावशी," मी म्हटलं. "खरंय तुमचं."

ती आणखी बोलत राहिली अन् मी मान खाली घालून ऐकत राहिलो. आतनं रुपा ओरडली, "आत्या, बसा ना लवकर, नंतर भांडा." दार लागलं, ॲम्ब्युलन्स मुरबाडकडं निघून गेली. संध्याकाळी फोन आला, मुलगा झाला, दोघंही बरी आहेत. मी लगेच कुणालीला कळवलं अन् मंगळीनं मला दिलेल्या सगळ्या शिव्या तिला एक एक करून सांगितल्या. निम्म्या माझ्याच जुन्या निघाल्या, अन् दोघंही फोनवर बराच वेळ हसत होतो.